जिभेचा मुक्काम

सरकारी बदलीच्या हुकमात बऱ्याच गोष्टी असतात. माणसाचे नाव असते, हुद्दा असतो, जुन्या जागेवरून मोकळे होण्याची तारीख असते. बिऱ्हाडाचे सामान किती वजनापर्यंत सरकारी खर्चाने नेता येईल, याचा तर स्वतंत्र नियमच आहे. जिभेबद्दल मात्र त्या हुकमात चकार शब्द नसतो. माणूस नव्या गावी रुजू होतो, मुलांची नावे शाळेत घातली जातात, गॅसची जोडणी मिळते. आणि जीभ तेवढी जुन्याच पत्त्यावर मुक्काम करून राहते. तिला रुजू करून घेण्याचे काम ज्याचे त्याने करावे लागते, आणि त्याबद्दल भत्ता मिळत नाही.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींत मला दोन पंथ दिसतात. एक कर्मठांचा. या पंथाचा माणूस सुटीवरून परत येतो तेव्हा त्याच्या सामानात कपडे कमी आणि डबे जास्त असतात. कुळथाचे पीठ, आमसुले, पोह्याचे पापड, मेतकूट, आणि कपड्यांच्या घडीत लपविलेली लोणच्याची बरणी! कोलकात्यास दहा वर्षे काढूनही मोहरीच्या तेलाला घराचा उंबरठा ओलांडू न देणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. दुसरा पंथ शरणागतांचा. हे लोक चेन्नईत इडलीचे होतात आणि दिल्लीत राजम्याचे. आमटी कशी लागत होती, हे त्यांना आठवून सांगावे लागते.

मी जातीचा खवय्या. मला यांपैकी एकही पंथ मानवला नाही. म्हणून नोकरीच्या आरंभीच मी माझ्यापुरता एक नियम करून घेतला होता: बाहेर जेवावे ते त्या गावचे, आणि घरी जेवावे ते आपल्या गावचे. नियम सुटसुटीत होता, कागदावर शोभण्याजोगा होता. परंतु तीन बदल्यांच्या काळात निरनिराळ्या मसाल्यांनी, फळांनी आणि दाण्यांनी मिळून तो हळूहळू मोडीत काढला. त्याची ही हकीकत.

पहिली बदली कोलकात्याची. तिथे माझे दुपारचे जेवण 'पाइस हॉटेला'त होत असे. पूर्वी पैशाच्या हिशेबात पोटभर जेवण मिळे, त्यावरून या खाणावळींना हे नाव पडले. कॉलेज स्ट्रीटच्या परिसरात 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' या नावाची एक प्रसिद्ध जागा आहे. पूर्वी ते नुसते 'हिंदू हॉटेल' होते. १९४७ नंतर नावामागे 'स्वाधीन भारत' लागले. अशा खाणावळीतील हिशेबाची पद्धत पाहून माझ्यातला लेखापरीक्षेचा कारकून प्रसन्न होई. भाताचे वेगळे, डाळीचे वेगळे, माशाचे वेगळे, केळीच्या पानाचे वेगळे, लिंबाच्या फोडीचेसुद्धा वेगळे! सारी बाब बाबनिहाय नोंदलेली. कशातही 'किरकोळ' म्हणून काही नाही.

पण मला खरा धडा मिळाला तो जेवणाच्या क्रमाचा. आपल्या ताटात सारा दरबार एकदम भरतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद. जेवणारा हवा तेव्हा हवा त्या दरबाऱ्याला पुढे बोलावतो. बंगाली माणूस एका वेळी एकाशीच बोलतो. आधी कडू शुक्तो, मग डाळ, मग भाजी, मग मासा, शेवटी आंबटगोड चटणी. दर वेळी भाताचा नवा घास आणि नवी चव. पहिले काही दिवस मी सगळे एकदम मागवून कालवाकालव करीत असे, तेव्हा वाढपी माझ्याकडे करुणेने पाही. पुढे माझी जीभ त्या क्रमाला लागली. जी खसखस आमच्याकडे अनारशाला चिमटीने लावतात, ती तिथे बटाट्याबरोबर वाटीवाटीने खपताना पाहिली, तेव्हा जिन्नस तोच असला तरी गाव बदलले की त्याचा हुद्दा बदलतो, हे ध्यानात आले. आणखीही एक गोष्ट कळली. त्या शहरातील घरांतून आणि खाणावळींतून रांधणारे आचारी शंभराहून अधिक वर्षे ओडिशातून येत आले आहेत. ज्या चवीला मी निखळ बंगाली समजून माना डोलावत होतो, तिच्यामागे बऱ्याचदा माझ्यासारखाच घर सोडून आलेला, महिन्याला मनिऑर्डर करणारा एक माणूस उभा होता.

दुसरी बदली चेन्नईची. तिथे ट्रिप्लिकेनमधील 'रत्ना कॅफे'त मी अनेक सकाळी काढल्या. १९४८ साली सुरू झालेल्या या उपाहारगृहात इडली सांबारात बुडवून देतात. दोन इडल्यांच्या बेटाभोवती सांबाराचा समुद्र. आणि तमिळ माणूस ज्या सांबाराची शपथ घेतो, ते उपाहारगृह काढले उत्तर प्रदेशातून आलेल्या एका कुटुंबाने! सांबाराच्या उत्पत्तीविषयी आपल्याकडे एक कथा हौसेने सांगतात. तंजावरच्या मराठी राजवाड्यात आमटी करताना आमसुले संपली, म्हणून चिंच घातली; पाहुणे होते संभाजी महाराज, आणि त्यांच्यावरून पदार्थाला 'सांबार' हे नाव पडले. कथा गोड आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. आमच्या खात्याच्या भाषेत, या खर्चाला पावती जोडलेली नाही. पावती आहे ती दुसऱ्या गोष्टींची. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत तिथे मराठी गादी होती. रघुनाथ नवहस्त यांनी त्या परिसरात 'भोजनकुतूहल' हा अन्नाविषयीचा संस्कृत ग्रंथ रचला. सरफोजी राजांच्या पदरच्या पाकशास्त्राचे मराठी लेखनही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केले आहे. म्हणजे बदलीवर गेलेली मराठी जीभ दक्षिणेत मुक्काम करून राहिली, आपले खाणे लिहून ठेवू लागली, हे निश्चित. आमसुलांचे काय झाले ते त्या कथेला विचारावे.

माझ्या नियमाला पहिला मोठा तडा गेला तो एका चेट्टिनाड खाणावळीत. कोंबडीच्या रश्श्याचा पहिला घास घेतला आणि हात थांबला. सारे अनोळखी होते: मिरीचा जोर, कढीपत्ता, बडीशेप, तिळाचे तेल. पण त्या साऱ्याच्या तळाशी एक वास होता, तो आमच्या घरचा होता. ओल्या लाकडासारखा, पावसात भिजलेल्या कौलासारखा. मे महिन्यात माझी आई मसाला भाजायला बसे, तेव्हा साऱ्या आळीला कळवणारा तो वास. बरोबरचा सहकारी कारैकुडीकडचा होता. त्याने आत जाऊन चिमूटभर जिन्नस तळहातावर आणून दाखविला. करड्या-काळ्या, कुरळ्या पापुद्र्यांसारखे काहीतरी. "कल्पासी," तो म्हणाला. ते दगडफूल होते! दगडावर आणि झाडाच्या सालीवर उगवणारी ही शैवाक. तिला स्वतःचे मूळ नाही, जिथे चिकटते तिथे वाढते. आमच्याकडचे नाव आणि तमिळ नाव दोन्ही दगडावरूनच आलेले.

तेवढ्यात त्याने लवंगेच्या आकाराची, पण तिच्या दुप्पट-तिप्पट मोठी अशी एक वाळलेली कळी पुढे केली. "आणि ही तुमची," तो म्हणाला. मी ती जन्मात पाहिली नव्हती. तिचे नाव 'मराट्टी मोक्कु'. कानडीत आणि तेलुगूत 'मराठी मोग्गु', म्हणजे मराठी कळी. सावरीच्या जातीच्या झाडाची ती कळी असते. चेट्टिनाडच्या मसाल्यात पडते, कर्नाटकात बिसिबेळे भातात पडते. आमच्या मालवणी मसाल्यात तिला जागा नाही. नाव मराठी, आणि मराठी माणसाला ओळख पटत नाही! त्या दिवशी मी जेवून उठलो तेव्हा 'बाहेरचे' आणि 'घरचे' हे माझे दोन रकाने एकमेकांत मिसळू लागले होते.

त्यांची उरलीसुरली रेघ सेलमने पुसून टाकली. तपासणीच्या दौऱ्यावर तिकडे गेलो असता रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या अंगणांतून पांढरेशुभ्र दाणे वाळत घातलेले दिसले. चौकशी केली, तर तो आपला साबुदाणा. खरा सागू हा पूर्वेकडच्या बेटांवरील एका ताडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात तो येईनासा झाला, तेव्हा सेलमच्या व्यापाऱ्यांनी टॅपिओकाच्या कंदाचे सत्त्व काढून तसेच दाणे बनविले, आणि तो धंदा तिथे रुजला. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मग विचार करू लागलो, तर खिचडीतला शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेचीच; पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकाच्या सुमारास ती आपल्या किनाऱ्याला लागली. म्हणजे आषाढी एकादशीला, सोवळ्यात, कांदा-लसूण वर्ज्य करून आपण जी खिचडी विठोबापुढे ठेवतो, तिच्यात जिरे आणि तूप वगळले तर सारे बदलीवर आलेले लोक आहेत. त्यांना कोणी परके म्हणत नाही. विठोबानेही कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी बदली दिल्लीची, आणि सध्या मुक्काम इथेच. दिल्ली ही खवय्याची राजधानी आहे ती तिच्या स्वतःच्या चवीपेक्षा तिने जमविलेल्या चवींमुळे. जामा मशिदीजवळचे 'करीम' घ्या. १९११ च्या दिल्ली दरबाराला जमलेल्या गर्दीला बटाटा-गोश्त आणि डाळ विकून हाजी करीमुद्दीन यांनी आरंभ केला, आणि १९१३ मध्ये उपाहारगृह थाटले. बादशाही गेल्यावर बेकार झालेली आचाऱ्यांची विद्या तिथे रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला आली. आंध्र भवनाच्या उपाहारगृहात भाताचा डोंगर, पप्पू आणि गोंगुऱ्याची चटणी मिळते, आणि टेबलाभोवती बसलेल्यांत आंध्रचे किती हे मोजायला गेल्यास हाताची बोटे पुरतात. आय.एन.ए. बाजारात केरळच्या वाण्यांकडे धुरावर सुकविलेली काळीभोर कुडमपुळी मिळते. ती आपल्या आमसुलाची सख्खी बहीण. एका आसामी शेजाऱ्याने थेकेऱ्याच्या सुकविलेल्या चकत्या दिल्या, तीही त्याच घराण्यातली. तीन प्रांतांत तीन नावे आणि तीन रूपे, पण माशाच्या कालवणाशी तिघींचे नाते एकच.

आणि तिरफळ! ज्याने बांगड्याच्या तिरफळे घातलेल्या कढीशी भात खाल्ला नाही, त्याला हे फळ समजावून सांगणे कठीण. माझी पत्नी वऱ्हाडातली. लग्नापूर्वी तिने तिरफळाचे नावही ऐकले नव्हते. पहिल्याच जेवणात ते तिच्या दाताखाली आले, जीभ बधिर झाली, आणि आपल्याला काही विषबाधा झाली असे तिला वाटले. तेव्हा 'मराठी चव' असे आपण परमुलखात सरसकट म्हणतो, तिच्या पोटातही किती प्रांत आहेत! पुढे कचेरीतील एका गढवाली सहकाऱ्याने डब्यातील हिरवी चटणी पुढे केली. एक बोट चाखले, आणि ओठांवर तीच झिणझिणी. "तिमूर," तो म्हणाला. हिमालयातल्या काटेरी झुडपाचे हे फळ आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे तिरफळ, दोन्ही एकाच वंशातली. त्या दिवशी आम्ही दोघांनी डबे बदलून खाल्ले. फाइली दुपारनंतर जरा उशिरानेच हलल्या.

इतके सारे कळूनही एक गोष्ट मात्र माझ्या नियमाच्या आत शाबूत होती, आणि ती म्हणजे आईचा मसाला. दर वर्षी जूनच्या आधी एक जाड पिशवी शिवून गावाहून दिल्लीला येई. त्या मसाल्याच्या जोरावर मी जगातील सारी उपाहारगृहे सहिष्णुतेने पाहू शकत होतो. ज्याचे घर पक्के आहे, त्यालाच पाहुणचार निश्चिंतपणे भोगता येतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा दूरध्वनी आला. तब्येतीचे, आंब्यांचे, शेजारच्या लग्नाचे बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "औंदा मसालो काय जमाचो नाय रे. खांदो वर जायनासो झालो." मी म्हटले, "असू दे, इथे सगळे विकत मिळते." ते खरेही होते. पण त्या रात्री स्वयंपाकघरातील बरणीत हात घातला, तेव्हा मसाला तळापासून चार बोटे उरला होता. ती चार बोटे संपली की आमच्या घरातील एक गोष्ट कायमची संपणार होती. माझी मुलगी आठ वर्षांची. तिला त्या मसाल्याची चव ठाऊक आहे. पुरेशी ठाऊक आहे की नाही, हे सांगता येत नव्हते. दोन वर्षे तो घरात नसता, तर तिला तो नसल्याचेही कळले नसते. या विचाराने मला झोप आली नाही.

मसाला घरी करावयाचा ठरले. भावाने आईच्या वहीतील पानाचे छायाचित्र पाठविले. पान आजीने सांगितलेले, आईने लिहिलेले. धने दोन मापटी, बडीशेप एक कोळवे, खसखस एक निळवे, दगडफूल मूठभर. सरकारने १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे आणली; आमच्या घरच्या मसाल्याने त्या कायद्याची दखल घेतलेली नव्हती. आणि ही मापे आकाराची, वजनाची नव्हेत. मापटेभर धने आणि मापटेभर मिरी यांचे वजन सारखे कसे असेल? तेव्हा गावी आईने पितळी मापटे धन्यांनी भरून भावाच्या हाती दिले, त्याने ते वाण्याच्या काट्यावर घातले आणि कळविले: एकशे सत्तर ग्रॅम. मग कोळव्याने बडीशेप, मग निळव्याने खसखस. असा एकेक जिन्नस ग्रॅमांत उतरत गेला. राहता राहिली मूठ. ती आईची. तिने मूठभर दगडफूल उचलून काट्यावर ठेवले, आणि भावाला म्हणाली म्हणे, की माझी मूठ आता पूर्वीइतकी मिटत नाही, थोडे कमी लिही.

मिरची हवी होती बेडगी. ही मिरची कर्नाटकातील ब्याडगीची. रंग गडद, तिखटपणा बेताचा. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे आमच्या मालवणी मसाल्याचा लाल रंगसुद्धा शेजारच्या प्रांताचा. वसाहतीतील वाण्याकडे 'बेडगी' मागितली, तर त्याने मला मोठ्या अगत्याने बेडमी पुरीच्या दुकानाचा पत्ता दिला. अखेर खारी बावलीला गेलो. चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाचा हा मसाल्याचा बाजार म्हणजे शिंकांचा महासागर. तिथे बेडगी मिळाली, दगडफूल मिळाले, आणि हिंग मिळाला तो अफगाणिस्तानचा. हिंगाच्या फोडणीशिवाय मराठी घर नाही, आणि आपल्या देशात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी लाहौलच्या थंड खोऱ्यात रोप लावले तेव्हा! लहानपणापासून ज्या वासाला मी घर म्हणत आलो, तो काबूलकडून चालत आलेला होता.

रविवारी सकाळी खिडक्या उघडून जिन्नस भाजायला घेतले. अर्ध्या तासात वरच्या मजल्यापर्यंत लोक खोकू लागले. शेजारच्या पंजाबी माताजी पदर नाकाला लावून तक्रार करायला आल्या, कढईत डोकावल्या, आणि "धने आणखी भाजा, कच्चे आहेत," असे म्हणून स्वतःच उलथने हाती घेऊन बसल्या. मसाला कुटून देणारी गिरणीही त्यांनीच दाखविली. वऱ्हाडातल्या माझ्या पत्नीने मापे सांभाळली, आणि मुलीने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटविली. दगडफुलाच्या चिठ्ठीवर तिने 'दगडाचे फूल' असे लिहिले आणि फुलाचे चित्र काढले. चित्र अर्थातच चुकीचे होते, गुलाबाचे होते. मी ते बदलू दिले नाही.

मसाला झाला. रंग जमला. वास जमला असे वाटले. पण जे नाक वीस वर्षे बाहेर हिंडले, त्याच्या साक्षीवर किती विसंबावे? म्हणून सुटीवर गावी गेलो तेव्हा त्यातील पाव किलो सोबत नेला.

आईने पिशवी सोडली, नाकाशी नेली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "मिरची खंयची रे ही?" मी सांगितले. तिने मान हलविली. ती मान पसंतीची की नापसंतीची, हे मला तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवानंतरही ओळखता आले नाही. पिशवी घेऊन ती आत गेली. संध्याकाळी बांगड्याचे तिखले पानात आले. वडिलांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि नेहमीप्रमाणे खाली मान घालून आणखी भात मागितला. त्यांना काही विचारण्याची सोय नव्हती, आणि सांगण्याची आवश्यकता आईला वाटली नाही. जेवणे झाल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो, तर फळीवरील तिची जुनी बरणी खाली उतरवलेली होती, तळाशी राहिलेला गेल्या सालचा मसाला तिने एका वाटीत काढून ठेवला होता, आणि बरणीत दिल्लीचा मसाला भरून वर हिंगाचा खडा ठेवला होता.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा मसाला केला. माताजींनी या वेळी आपणहून कढई मागून घेतली. गढवाली सहकाऱ्याला एक डबी दिली, कारैकुडीच्या मित्राला टपालाने एक पाठविली. आणि एक जाड पिशवी पत्नीने नीट शिवून दिली, मुलीने तिच्यावर गावचा पत्ता घातला, आणि कचेरीला जाता जाता मी ती टपालात टाकली. आजवर असे पुडके त्या बाजूने या बाजूला येत असे. आता ते इकडून तिकडे जाते.